कोरडं अंगण

आमगावच्या रस्त्याला उकडलेल्या धानाचा आंबूस वास आला की मला ती सकाळ आठवते. लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझा एक वर्गमित्र तिथल्या राइस मिलमधल्या बायांच्या युनियनसाठी धावपळ करत होतो. मालक बोलायलाच तयार नव्हता, तेव्हा बायांनीच उपाय काढला. उकडलेलं धान अंगणात पसरलं की काम थांबवायचं. ओलं धान पायाने फिरवत राहिलं नाही तर खराब होतं, म्हणजे मालकाला झक मारत बोलावं लागलं असतं. हा बेत त्या बाया आणि आम्ही दोघं, एवढ्यांनाच ठाऊक होता. सकाळी पोचले तर बॉयलर थंड, अंगण कोरडं ठणठणीत आणि बाया बंद फाटकाबाहेर उभ्या. "आमच्यातली त कोणी बोलली नाई, बाई," त्यांची पुढारीण म्हणाली. "तुमचा दोस्त काऊन नाई आला?" माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर संशय घेता, म्हणून मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. तेवढ्यात फाटक उघडून मालकाची गाडी बाहेर आली. पुढच्या सीटवर माझा तो वर्गमित्र होता. मला पाहून त्याने काच वर केली. आज तो त्याच मिलचा वकील आहे. कोर्टात भेटला की हसून विचारतो, "अजून तेच धरून बसलीस?" हो, बसले आहे. बेत फोडलास ते एक वेळ सोडून देईन. पण तुझ्यासाठी मी त्या बाईवर ओरडले होते.