चौथ्या भावाचं पान

गावाचं नाव सांगत नाही. मुरबाड तालुक्यातलं, धसईच्या बाजाराला भाजी नेणारं एक गाव, एवढ्यावर भागवून घ्या. का सांगत नाही, ते पुढे कळेल.

आमचं सगळं गाव तीन भावांचं. थोरल्याची वरची आळी, मधल्याची देवळाची, तिसऱ्याची ओहळाकडची, मी ओहळाकडचा. मूळ भाऊ चार, घाट उतरून आलेले. पहिल्याच वर्षी गावदेवीला बोकड कापला, मुंडीचा मान थोरल्याने घेतला, आणि चौथा रुसून गेला तो गेलाच. त्याची आठवण म्हणून आमच्यात अजून लग्नात देवकापुढे चार पानं वाढतात. तीन पानांवर तिन्ही आळ्यांचे म्हातारे जेवतात. चौथं गाईला जातं. इतक्या पिढ्या गाईंनी चौथ्या भावाचं जेवण खाल्लं, कोणाला काही वाटलं नाही. वाटलं ते एकट्या नवसूदादाला.

नवसूदादा आमचा कोतवाल. तलाठ्याच्या नोटिसा गावोगाव पोचवायचं त्याचं काम. नोटीस दिली की पाणी मागायचा, आणि पाणी पिऊन झालं की विचारायचा, "तुमच्यात सुतक कुनाकुनाला लागतं?" मूळपुरुषाबद्दल लोक वाटेल त्या थापा मारतात, सुतकाबद्दल कोणी खोटं बोलत नाही, हा त्याचा शोध. मिळालेलं सगळं दोनशे पानी वहीत उतरवायचा. कुळं, त्यांचे फाटे, कोणाचं देवक कळंब, कोणाचं जांभूळ. आमचे पूर्वज सरदाराच्या पदरी होते असं गावाचं म्हणणं. नवसूदादाने घाटावर तीन फेऱ्या मारून शोधून काढलं, की ते सरदाराच्या बैलांमागे होते. बैलांचं तेवढं खोडून टाक, म्हणून गाव त्याच्या मागे लागलं. तो म्हणाला, "वहीत खाडाखोड चालत नाय."

माणूस खरा होता. खरा माणूस किती महाग पडतो ते शहाण्णव साली हौसावहिनीला कळलं.

हौसावहिनी त्याच्या भावकीतली, शेजारच्या घरातली विधवा. तिच्या रेश्माचा साखरपुडा झालेला. मुलाचं आडनाव वेगळं, देवक वेगळं, कुठे काही अडत नव्हतं. नेमका नवसूदादा नोटीस घेऊन त्या गावी गेला आणि पाणी प्यायला. सात पिढ्यांमागे त्या घराला आमच्या देवळाच्या आळीचं सुतक लागायचं, असं निघालं. म्हणजे कूळ एकच, नवरानवरी भाऊबहीण. त्याने भर देवळात वही वाचून दाखवली.

"सात पिढ्या झाल्या भावजी," हौसावहिनी म्हणाली. "कुनाच्या ध्यानात हाय?"

"वहीत हाय ना, वयनी."

लग्न मोडलं. रेश्मा दोन वर्षं घरी बसली, मग दोन मुलांच्या बापाला, एका बिजवराला दिली. मी त्या दिवशी देवळात होतो आणि इतरांबरोबर मान हलवत होतो. त्याची आजही लाज वाटते.

वहीचा मान मात्र वाढला. वहीला विचारल्याशिवाय गावात सुपारी फुटेना. नवसूदादाला आता एकच उणीव होती. "चौथा गावला की डोळं मिटाया मोकळा," असं तो येता-जाता म्हणायचा.

दोन हजार चार साली त्याच्या भूमिकाचं लग्न ठरलं. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली एकुलती पोर. तिने जन्मात बापाकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे तानसाकडचा आदेश. नवसूदादाने वही काढली. आडनाव वेगळं, देवक जांभूळ. वही म्हणाली चालतंय.

पंधरा दिवस राहिले असताना मुलाकडच्यांनी जेवायला बोलावलं. हौसावहिनी होती, मी होतो. आम्ही जेवायला बसलो तेव्हा आदेशची आजी, बाईजा, हिने देवापुढे तीन पानं वाढली. त्यांच्यावर कोणी बसेना. नवसूदादाची खोड काही गप्प बसेना.

"आजी, ही कुनाची?"

"आमच्या मूळपुरुषाच्या तिघा भावांची. डोंगराकडं कुठंशी ऱ्हातात म्हनं. आमचा मुंडीवरनं भांडून आला, त्यांचं देवक बी टाकलंन. राग खरा, पन भाऊ ते भाऊ. पान वाढतो."

 मला नवसूदादाकडे बघायचा धीर होईना. पंचवीस वर्षं ज्याला शोधलं तो चौथा भाऊ समोर हात जोडून उभा होता, आणि नवसूदादाने मान खाली घालून आणखी भात मागितला.

लग्न झालं, चांगलं दणक्यात झालं. आमच्या मांडवात देवकापुढे चार पानं वाढली. दहा पावलांवर चौथ्या भावाची शे-दीडशे माणसं पंगतीला बसून बुंदी मागत होती, आणि त्याचं पान रिवाजाप्रमाणे गाईने खाल्लं. भूमिका सासरी जाताना रडली नाही. नवसूदादा दोघांचं रडला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ओटीवर बसलो होतो. तो वहीत लिहीत होता. हौसावहिनी तिची परात न्यायला आली, उभी राहिली.

"काय लिवताय भावजी?"

"चौथ्याचा पत्ता लागला, वयनी." त्याने मान वर केली नाही. "तानसाकडं गेला व्हता. निपुत्रिक वारला."

आदेशच्या घरी हौसावहिनी बाईजाच्या शेजारीच बसली होती, शब्दन् शब्द ऐकला होता. आता ही बोलली तर भूमिकाचं काय? तिने परात काखेत धरली, पदर सारखा केला.

"बरं केलंत," ती म्हणाली. "पोर सुखात ऱ्हाऊ दे." दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"रेश्माच्या टायमाला पेन नव्हतं का भावजी तुमच्याकडं?"