आहेर आणि ओट्यावरची बादली

माझ्या व्याह्यांइतका डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. ते राहतात संग्रामपूरला. तिकडे जमिनीतलं पाणी खारट, त्यामुळे लोक प्यायला गोड पाण्याचे कॅन विकत घेतात. हा गृहस्थ ते गोड पाणी विकत घेतो आणि त्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवतो! "अहो, बोअरचंच घ्या की, आयतं खारट आहे," असं मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "इवाई, खाऱ्या-खाऱ्यात फरक असते." इवाई म्हणजे व्याही. हा शब्द ते इतक्या गोडव्यानं उच्चारतात की रागावायची सोय राहत नाही.

हा सगळा उपद्व्याप बैठकीतल्या काचेच्या टाकीसाठी. तिच्यात समुद्रातली मऊ प्रवाळं. दगडाला चिकटून वाढणारे जिवंत प्राणी, पण आलेला प्रत्येक पाहुणा त्यांना फुलकोबी समजतो. आमच्या मुलाच्या लग्नात, ऐन सप्तपदीच्या वेळी, वधूपिता मंडपातून गायब! गावात लाइट गेली म्हणून टाकीचा पंप बघायला घरी गेले होते. घरातल्या पंख्यांना इन्व्हर्टर नाही, टाकीला आहे. पाहुण्याला चहाच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायला लावतात, तेही साबण न लावता. टाकीतलं सगळ्यात मोठं प्रवाळ जेवणाच्या ताटाएवढं, छत्रीसारखं. त्यांची लेक आमच्याकडे सासरी आली त्या आठवड्यात त्यांनी ते आणलं, तेव्हा बटणाएवढं होतं. एकदा ते मिटून पडलेलं पाहून मी म्हणालो, "गेलं वाटतं." ते केवढ्यानं दचकले! मग म्हणाले, "कात टाकून राह्यलं ते. चार दिसात फुलते."

जन्मभर कृषी सहायक म्हणून त्यांनी गावोगाव एकच गोष्ट शिकवली: बियाण्याला रोगाचं औषध चोळून बीजप्रक्रिया केल्याशिवाय पेरू नका. तेच शास्त्र इथे. नवं प्रवाळ आलं की आधी आयोडीनच्या पाण्यात बुडवायचं, मग महिनाभर दाराबाहेर ओट्यावरच्या बादलीत वेगळं ठेवायचं, रोज भिंगातून बघायचं. रोग नाही अशी खात्री पटली की मगच घरात प्रवेश.

गेल्या महिन्यात मी मुंबईहून त्यांच्यासाठी एक प्रवाळ आणलं. पिशवीतलं पाणी सांडू नये म्हणून आमच्या देऊळगाव राजापर्यंत आणि तिथून संग्रामपूरपर्यंत मांडीवर धरून बसलो. आणि यांनी काय केलं? आभार मानले आणि पिशवी ओट्यावरच्या बादलीकडे नेली! माझं टाळकंच सरकलं. "मुलाच्या बापाचा आहेर उंबऱ्याबाहेर? आमच्या घरचं तुम्हाला एवढं घाण वाटतं का?" विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. व्याह्यांनी बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझा आहेर तसाच, न बुडवता, टाकीत ठेवला. मी मिशीवर हात फिरवत चहा प्यालो.

आठ दिवसांनी सूनबाई फोन ठेवून रडत बसली. मी तडक संग्रामपूर गाठलं. माझ्या आहेरावरचा तपकिरी, शेंबडासारखा चिकट रोग त्या मोठ्या छत्रीवर चढला होता. व्याही नळीनं तो ओढून काढत होते, ब्लेडनं सडलेला भाग कापत होते, उरलेलं आयोडीनमध्ये बुडवत होते. शेवटी अंगठ्याएवढा एक तुकडा हाती राहिला. तो त्यांनी दोऱ्यानं दगडाला बांधून बादलीत ठेवला.

मला त्यांचा भयंकर राग आला. दोन शब्द तरी ऐकवावेत ना माणसानं! मीच ओरडलो, "तुम्हाला सगळं माहीत होतं, मग मला अडवलं का नाही?"

ते दोऱ्याची गाठ तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "पोरगी तुमच्या घरात हाय, इवाई."

तो राग अजून गेलेला नाही. फक्त आता तो कुणावर काढायचा ते मला कळलंय. परवा पेढे घेऊन गेलो, तर बॉक्स ओट्यावर बादलीशेजारी ठेवला आणि कुणी सांगायच्या आत कोपरापर्यंत हात धुतले. "पेढ्याले नसते लागत हो," म्हणून ते हसले आणि बॉक्स उचलून आत गेले. मी तिथेच बादलीशी बसलो. तुकड्याच्या कडेला दोन बारीक तोंडं उघडली होती. ताटाएवढं व्हायला आणखी किती वर्षं लागतील, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.