पेटी सकाळपासनं हाका मारत होती

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पायजे. जेवायचं ताट बाजूला सारून मोबाईलवर टाइप करतोय!

उचगावला माझ्या मावशीचं अंडी उबवायचं मशिन हाय, कपाटाएवढं. आत तीनशे गावरान अंडी, परवा पिल्लं बाहेर पडायची. शेवटचे तीन दिवस दार उघडायचं न्हाय, ऊब जाते. मग आतलं तापमान कळायचं कसं? मशिनवर एक छोटी पेटी हाय. तिला पडदा न्हाय, नुसती एक वायर. त्या वायरीतनं ती आकडा कॉम्प्युटरला पाठवते. आणि आज सकाळी तो कॉम्प्युटरच मेला. पार धूर निघाला.

मी लॅपटॉप घेऊन गेलतो, लिनक्सवाला. वायर खोचली, लाइट लुकलुकली, म्हटलं झालं काम! कसलं काय. लॅपटॉपवर नुसतं चक्र गरगर फिरतंय. मग डोक्यात आलं, मधे राउटरच न्हाय, तर ह्याला नेटवर्कवरचा आकडी पत्ता देणार कोण? थेट जोडलं की पत्ते हातानं द्यायला लागतात, तेबी दोघांचे एकाच गल्लीतले, म्हंजे सुरवातीचे आकडे सारखे. माझा मी दिला. पण पेटीचा कुणाला म्हाईत? बसवणाऱ्याचा फोन लागंना. अंदाजानं पिंग करत बसलो. पिंग म्हणजे हाक मारायची आणि कोण ओ देतंय का बघायचं. कोण न्हाय.

काका खुर्चीतनं म्हणाले, "चार वर्षं इंजिनिअरिंग करून वायर खोचायला शिकलास व्हय रं?"

मावशी मशिनच्या काचेला गाल लावून उभी होती. "अवो, गप बसा की. ऊब कमी वाटतीया मला."

"गालाला कळतंय व्हय?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतंय."

खरंच कमी असंल तर आच वाढवायला पायजे. पण नसंल आणि वाढवली, तर पिल्लं आतच शिजायची. एका गालाच्या भरवशावर तीनशे जीव?

मग मी हाका मारायच्या बंद केल्या. टीसीपीडंप म्हणून एक कमांड हाय, ती नुसती वायरीला कान लावून बसते. लावली. आणि आईशप्पथ, अंगावर काटा! पेटी बोलत होती की! सेकंदा-सेकंदाला तीच ओळ: १९२.१६८.५०.२ कोण हाय? १९२.१६८.५०.७ ला सांगा. परत तीच. परत तीच. ५०.७ म्हंजे पेटी स्वतः, आणि ५०.२ म्हंजे मेलेला कॉम्प्युटर. त्यालाच शोधत होती, सकाळपासनं. मी आपला दुसऱ्याच गल्लीत बोंबलत हुतो.

मी त्या मेलेल्याचा पत्ता माझ्या लॅपटॉपला दिला. एंटर मारला.

हाका थांबल्या. पिंगला ओ आली. ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता टाकला तर कोऱ्या पानावर एकच आकडा: ३६.८. पायजे ३७.५.

"म्हनलं न्हवतं?" मावशी एवढंच म्हणाली आणि आचेचं बटण फिरवलं. आम्ही तिघं आकड्याकडं बघत बसलो. ३६.९. ३७. लई वेळ ३७.२ लाच अडकला. मग ३७.५!

काका गुपचूप उठले, काचेला गाल लावला. "आता बरोबर हाय."

"गालाला कळतंय व्हय?" मावशीनं विचारलं.

पिल्लं येईपर्यंत लॅपटॉप तिथंच ठेवून आलोय. पण डोक्यातनं ती ओळ जाईना. आपण बोंबलतोय आणि समोरचा कधीपासनं आपल्यालाच हाका मारतोय, असं तुमचं कधी झालंय काय? सांगा की!