कीबोर्डवर आलेला वेग

"मॅडम, हा पीस नको. फारच हळू आहे. पाहुण्यांना काय ऐकवणार?"

ईशाचे वडील, सावंतसाहेब, सोफ्यावरूनच बोलले. मी नोटेशनचं पुस्तक मिटलं. घ्या, आता हा माणूस मला पियानो शिकवणार!

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या करामा भागात घरोघरी जाऊन पियानो शिकवायचे. पियानो आपलं म्हणायचं. फ्लॅटमध्ये असायचा साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. त्याची पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच. खऱ्या पियानोत आतली हातोडी तारेवर आपटते, म्हणून बोटात जोर असेल तसा आवाज येतो. अंगठा दणकट असतो आणि करंगळीशेजारचं बोट जात्याच आळशी. पाचही बोटांतून सारखा आवाज काढणं म्हणजे इव्हननेस. तो आधी यावा लागतो, वेग नंतर. म्हणून मी संथच, पण त्या आळशी बोटाला सतत राबवणारे पीसेस निवडायचे.

ईशा दहावीत होती. वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, पियानोच्या ग्रेड परीक्षेत डिस्टिंक्शन आणलंस तर पुढे म्युझिक, नाहीतर सायन्स. पोरीला म्युझिकशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"साहेब, निदान एक सेकंडहँड पियानो घ्या," मी म्हटलं.

"छे हो, पुढच्या वर्षी आम्ही इंडियात परत. ते धूड कुठे नेऊ?"

हे मी दरवर्षी ऐकत होते. त्यांच्या घरातला फ्रिजसुद्धा तात्पुरता म्हणून घेतलेला.

शेवटी त्यांनीच परीक्षेच्या यादीतला सगळ्यात पळणारा पीस पसंत केला. ईशालाही तो आवडला, वयच तसं. कीबोर्डवर ती तो धडाधड वाजवायला लागली. शुक्रवारी सुट्टीला पाहुणे यायचे आणि टाळ्या वाजवायचे.

परीक्षा मात्र खऱ्या पियानोवर द्यायची होती. ती जवळ आली तेव्हा राहवेना. तिला एका म्युझिक शॉपमध्ये घेऊन गेले. सेल्समन भला होता. "पाँच मिनिट, मॅडम. मॅनेजर आएगा तो खलास."

ईशा तिथल्या खऱ्या पियानोवर बसली आणि पहिल्याच ओळीत सगळं कोसळलं. अंगठ्याचे सूर ठोकल्यासारखे, मधले काही तर उमटलेच नाहीत.

"मिस, समथिंग्ज राँग विथ धिस पियानो."

मी त्याच पियानोवर तीच ओळ वाजवून दाखवली. ती उठून बाहेर चालू लागली. टॅक्सीत मात्र ढसाढसा रडली.

त्याच संध्याकाळी मी सावंतसाहेबांना गाठलं. "पीस बदलू या. संथ पीसमध्ये ती निदान सावरेल. नाहीतर परीक्षा पुढच्या वेळी देऊ दे."

"तुम्ही उगाच पोरीला घाबरवता, मॅडम. आमच्या कानांनी ऐकतो ना आम्ही! इन्शाल्ला, होईल."

मी हात टेकले. कानांवरच विश्वास ठेवणाऱ्या माणसाला काय सांगायचं, कपाळ?

परीक्षेच्या दिवशी मी हॉलबाहेर बसले होते. आत ती सुरू झाली, अडखळली, थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. माझा नुसता जीव तुटत होता.

निकालात ईशा पास झाली, जेमतेम. सावंतसाहेबांनी हौसेने माझ्या हातावर पेढा ठेवला. "पास झाली की हो!"

"मग म्युझिकचं काय?"

"अहो, डिस्टिंक्शन कुठे आहे?"

ईशा किचनच्या दारात उभी होती. "मिस, सो आय डोन्ट हॅव टू प्रॅक्टिस एनी मोर, राइट?"

"नाही गं," मी म्हटलं. पेढा तसाच बशीत ठेवून दिला.

मी अजून शिकवते. नवीन मूल आलं की पीस निवडण्याआधी घरात काय वाद्य आहे ते विचारते. साधा कीबोर्ड असेल तर वेगाचा पीस देत नाही. मग आईवडील दुसरी टीचर शोधतात, आणि तिच्याकडे ती मुलं धडाधड वाजवतात.