चंदाच्या बोटांचा आजार

"लॅपटॉप पिशवीतून काढलात ते काढलात, वर भात कशाला ओतलंत?" चंदाने सासूला विचारलं.

"मग काय उघडं ठेवू? आन चोर आला की चहा पण देऊ त्याला?" जनाबाई चुलीपुढून उठली नाही. "माझ्या आईनं जन्मभर चांदीचे वाळे भातात ठेवले. एक नाय गेला."

"वाळ्याला बटणं नसतात, आई."

"ते मला कोणी सांगितलं?"

"आणि पिशवीचं काय केलंत?"

"पिशवी जत्रेला नेली. घोंगडी काय डोक्यावर घेऊन येऊ?"

घरातली सगळी आदल्या दिवशी म्हसा गावच्या जत्रेला गेली होती. घराला कुलूप लावण्याआधी जनाबाईने सुनेचा लॅपटॉप धान्याच्या कणगीत उभा खुपसला आणि वरून दोन पायल्या भात ओतलं. तिच्या मते याहून सुरक्षित जागा मुरबाड तालुक्यात नव्हती. आज सकाळी चंदाने तो बाहेर काढून उघडला, तेव्हा त्याच्या फटीफटीतून तूस आणि कुसळं गळली. काही बटणं खाली जाईनात, काही गेली ती वर येईनात.

लॅपटॉप देवरामचा, म्हणजे चंदाच्या भावाचा. कल्याणच्या ऑफिसात त्याला नवा मिळाला, तेव्हा त्याने जुना बहिणीला दिला. वर्षभर चंदा त्यावर मुरबाडच्या एका प्रेससाठी लग्नपत्रिका टाइप करत होती. नवरा लडकू जीप चालवायचा. तो पेनड्राइव्ह खिशात घालून न्यायचा आणि नवा मजकूर घेऊन यायचा.

"चार वाजता कल्याणची फेरी हाय," लडकू आता म्हणाला. सकाळी त्यानेही मशीनवर हात चालवून बघितला होता, दिसेल ते बटण दाबत. "देवरामला परत देऊन टाकतो. आपल्या घरात असल्या वस्तू टिकायच्या नाय."

"आणि हातातली पत्रिका?"

"प्रेसवाला बोललाय, आज आली नाय तर दुसऱ्याला देतो. पुढची कामं पण. तू नको जीवाला लावून घेऊ."

चंदाने लॅपटॉप पडवीत नेला, चटईवर उपडा केला, हलकेच थोपटला. भाताचे दाणे टपटपले. मग बॅटरी काढून बाजूला ठेवली.

"सूप द्या," ती म्हणाली.

जनाबाईने सूप दिलं आणि समोर बसली. राग होता, पण बघायचंही होतं. सून मशीनवर काम करताना तिने कधी पाहिलीच नव्हती. खिडकीजवळची उजेडाची जागा कणगीची, म्हणून चंदा माळ्यावर बसून टाइप करायची आणि जनाबाईचे गुडघे शिडी चढायचे नाहीत.

चंदाने आंब्याच्या लाकडाची एक ढलपी घासून पातळ केली. ती बटणाच्या कडेखाली सरकवून जरा उचललं की बटण टक् करून सुटायचं. एकेक बटण ती ओळीने सुपात मांडत गेली. बटणाखाली नखाएवढी पांढरी चौकट होती, दोन पाय एकमेकांत अडकवलेली. तिच्या पोटात रबराची इवलीशी टोपी. जनाबाई वाकली. एवढ्याशा जागेत कोणी एवढं काम करून ठेवलं असेल, हे तिच्या मनाला पटेना. आणि तिचं भात तिथपर्यंत पोचलं होतं. एका टोपीला कुसळ आडवं टोचलं होतं.

"केवढं गो आत," ती पुटपुटली.

चंदा रंगाचा बारीक ब्रश शोधायला आत गेली. जनाबाईने सुपाकडे पाहिलं. बटणांमध्ये तूस दिसत होतं. आपल्या हातून बिघडलंय तर काहीतरी मदत करावी, असं तिच्या मनात आलं. तिने सूप उचललं आणि सवयीने दोनदा झटका देऊन पाखडलं.

तूस उडालं. बटणं उडाली आणि परत सुपात पडली, सगळी एकात एक मिसळून.

लडकू उंबऱ्यात उभा होता. "आये, काय केलंस? आता ए कुठं, बी कुठं कोणाला कळणार?" त्याला इंग्रजी अक्षरं येत ती गाड्यांच्या नंबरांमुळे. "हे आता देवरामच्या बापाला पण जमायचं नाय. बांधा, नेतो मी."

चंदा ब्रश घेऊन बाहेर आली. सुपात पाहिलं, सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली.

तिने ब्रशने एकेक चौकट झाडली, टोचलेलं कुसळ सुईने काढलं. मग सुपात बोटं फिरवून दोनच बटणं वेचली. त्यांच्या खालच्या कडेला बारीक रेघ उठलेली होती. ती दोन तिने मधल्या ओळीत बसवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाकीची हाताला येतील तशी दाबून बसवत गेली.

"एम एच इकडं, झेड वर," लडकू म्हणाला. "यातून गाडीचा नंबर तरी निघेल का?"

चंदाने बॅटरी घातली आणि मशीन चालू केलं. डाव्या हाताची अक्षरं उमटली. उजव्या हाताखाली मात्र अक्षरांऐवजी आकडे येऊ लागले. जनाबाईने पदर तोंडाला लावला. चंदा नवऱ्याकडे वळली.

"सकाळी तुमी वरचं, कोपऱ्यातलं बटण दाबलेलं?"

"मी सगळीच दाबली."

आकडे चालू-बंद करणारी दोन बटणं, खालचं एक आणि वरचं एक, तिने एकदम दाबली. आकडे थांबले, अक्षरं आली. मग तिने दोन्ही हातांची पहिली बोटं त्या उठलेल्या रेघांवर टेकवली, डोळे समोर भिंतीवर ठेवले आणि टाइप करू लागली. बटणांवर काय छापलंय याच्याशी तिच्या बोटांना देणंघेणं नव्हतं, त्यांना जागा पाठ होत्या.

जनाबाईची नजर त्या बोटांवर खिळली.

ही बोटं तिच्या ओळखीची होती. लग्न होऊन आली तेव्हापासून चंदाची बोटं अशीच हलायची. तांदूळ निवडताना सुपाच्या काठावर, परातीच्या कडेवर, झोपेतसुद्धा गोधडीवर. जनाबाईला वाटलं, पोरीला वात आहे. करंजाचं तेल चोळलं, भगताकडून मनगटाला काळा दोरा आणला. चंदा डोळखांबकडची, मामाकडे राहून शहापूरला मराठी टायपिंग शिकलेली, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास. चाळीसला बसायची तर लग्न ठरलं. सोयरिकीच्या वेळी हे कोणीतरी बोललं होतं. जनाबाईने ते शिवणकाम, विणकाम यांच्याबरोबर ऐकून सोडून दिलं होतं.

"हेच," जनाबाई म्हणाली. "तांदूळ निवडताना हेच करायचीस."

"हो."

"आन मला दोरा बांधू दिलास?"

"तुमी एवढ्या मायेनं आणलात. आणि सांगून काय करू, मशीन कुठं होतं?"

"मग काय लिवायचीस सुपावर?"

"तुमी जे बोलाल ते. तुमी बोलायच्या, मी टाइप करायची. विसरू नये म्हणून."

"म्हंजे मी बोलले ते सगळं?"

"सगळं नाय. तुमी फास्ट बोलता. माझा स्पीड तीसचा."

लडकू हसला, मग पडद्याकडे वाकून थांबला. तिथे दोनच ओळी होत्या. त्याने त्या मोठ्याने वाचल्या. "मग काय उघडं ठेवू? आन चोर आला की चहा पण देऊ त्याला?"

जनाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपलं बोलणं तोंडातून निघतं आणि चुलीच्या धुरासारखं जातं, असंच ती आजवर समजत आली होती. ते आता समोर उजेडात थांबलं होतं, काळं, सरळ, एकही शब्द न गळता. आणि ही पोर बारा-तेरा वर्षं, मशीन नसताना, ते सुपाच्या काठावर उतरवत होती. जनाबाईने हात पुढे केला, पण पडद्याला लावला नाही. सुनेच्या मनगटाला लावला, जिथे दोरा असायचा तिथे.

रस्त्यावर कोणीतरी लडकूला हाक मारली. कल्याणचे पॅसेंजर जमले होते.

"नेऊ का ठेवू?" त्याने विचारलं.

"मशीन ठेव. पत्रिका लिवून झाली की तेवढी घेऊन जा. पॅसेंजर थांबतील मेले." जनाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत बघून, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कणगी उद्या पडवीत येईल. खिडकीशी हिचं मशीन बसंल. आन तांदूळ आजपासून मी निवडणार."