आवतन दिलेली मोटार

आधीच सांगून टाकते — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. जन्मभर मुलींना विज्ञान शिकवलं. चकवा लागला म्हणून रात्रभर भटकलेल्या आमच्या जावयालाही मी तोंडावर सुनावलं होतं, "रस्ता चुकलात म्हणा की सरळ!" तेव्हा खालचं वाचून कुणी मला अंगारे-धुपारे सुचवू नयेत. जे झालं ते सांगते. कारण कुणाला सापडलं तर खुशाल सांगा, मी वाटच बघतेय.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. आज ज्याला आपण वाशिम जिल्हा म्हणतो तो तेव्हा अकोल्यातच होता. अनसिंगपासून कोसभर आत आमचं गाव. सडक सोडली की गावापर्यंत पांदण — दोन्ही बाजूंनी वावरं, मधून बैलगाडीची वाट, आणि सगळी काळी माती. अशा गावात बाबांनी काय आणावं? तर स्पोर्ट्स कार! कापसाच्या धंद्यातला एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून घेतली. हिरवी, दोनच सीटा, तारांची चाकं, आणि जमिनीला एवढी टेकलेली की खालून जाताना कोंबडीसुद्धा मान खाली घालायची. बाबांनी मला ती चालवायला शिकवलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मोटार माझ्याकडे राहिली.

मी वाशिमला मुलींच्या शाळेत शिकवत होते. रोज पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून जायचे. लोक म्हणत, काय ऐट आहे! ऐट कसली डोंबलाची? टप फाटका, उन्हाळ्यात सीट चटके द्यायची, पावसाळ्यात मांडीवर छत्री धरून गिअर टाकायचा. वाटेत कुणी दुधाची कॅन ठेवायचं, कुणी सरकीचं पोतं. एकदा तर शेजारच्या सीटवर बकरी बसवून नेली... ती माझ्यापेक्षा थाटात बसली होती. पण ती मोटार होती म्हणून नोकरी होती. सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची बस, दिवसातून एकदाच यायची, तीही शाळा सुटायच्या वेळेला. मोटार गेली असती तर शाळा गेली असती, आणि मग मला घरात बसवून पाहुण्यांसमोर पोह्यांचा ट्रे घेऊन उभं केलं असतं. एवढं सरळ गणित होतं.

अडचण एकच — पांदण. पाऊस पडला की मोटार फसायची आणि दादाची बैलजोडी ती ओढून काढायची. दादा माझा थोरला भाऊ. मनानं वाईट नव्हता, पण बैलांवर त्याचा फार जीव. एका संध्याकाळी बैल चिखलात गुडघ्यावर आला आणि दादाचं डोकं फिरलं.

"पाह्य, म्या बैलं मोटार ओढाले नाई ठेवले," तो म्हणाला. "पोळ्यापावतर अजून एकडाव जरी बैल लावा लागला, तं मोटार इकून टाकतो. गिऱ्हाईक हाये माह्याजवळ."

"नाई लावा लागत," मी म्हटलं. "पाह्यजो तू!"

टायर तसेही झिजून गोटा झाले होते. रविवारी अकोल्याला गेले. दुकानदारानं दोन तऱ्हा समोर मांडल्या. एक मोटारीच्या मापाचे, बारीक रेघांचे — डांबरी सडकेवर झकास, आमच्या पांदणीत बिनकामाचे. दुसरे जीपचे, बोट जाईल एवढ्या खोल खाचांचे, पण रुंद. पुढे लावले तर वळताना मडगार्डला घासणार. मी बराच वेळ उकिडवी बसून रिम मोजली आणि म्हटलं, पुढे बारीक द्या, मागे जीपचे. ढकलतात मागचीच चाकं.

"बाई, शोभा होईल हो! पुढून मडम अन् मागून जीप?" दुकानदार हसायला लागला.

"मिरवायची नाही मला, चालवायची आहे," मी म्हटलं आणि टायर बसवून घेतले.

घरी आल्यावर दादानं मोटारीभोवती एक चक्कर मारली. मागून वर उचललेली, पुढून खाली वाकलेली — खरंच जरा विचित्र दिसत होती. तो मिशीत हसला. पण त्यानंतर पावसात ती एकदाही फसली नाही बरं का! मी रोज त्याच्या नाकावर टिच्चून हॉर्न वाजवत अंगणात यायचे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्यांना आमंत्रण द्यायचं — "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी शाळेतून येऊन हातपाय धुवून बाहेर येते तर काय, आमची वहिनी मोटारीपाशी बसून माझ्या नव्याकोऱ्या टायरांना लोणी चोळतेय!

"अहो वहिनी! रबर खराब होते न!" मी किंचाळलेच.

"काहून राग येऊन राह्यला, ताई?" वहिनी शांतपणे हात फिरवत राहिली. "बैलं वखर ओढतेत, हे तुमाले ओढते. हिचाबी खांदा दुखत असंन." आणि मोटारीला नमस्कार करून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दादा हसून हसून बेजार. मी बादलीभर साबणाचं पाणी घेतलं आणि चारही टायर रगडून धुतले. मोटारीच्या कपाळावर वहिनीनं लावलेलं कुंकू तेवढं राहू दिलं, तिला वाईट वाटू नये म्हणून.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस भुरभुरत होता. दुपारी पुरणात घालायला जायफळ नाही असं निघालं. मी चावी उचलली. दादा बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता.

"आज जुपत नसतेत," तो म्हणाला.

"बैलाले नसतेत जुपत. हे मोटार हाये. पेट्रोल पेते!"

खरं सांगते, जायफळ हे निमित्त. मला दाखवून द्यायचं होतं की मोटार म्हणजे मोटार, तिला सणवार नसतो. अनसिंगला गेले, जायफळ घेतलं आणि परत फिरले. तेवढ्यात पाऊस असा कोसळला की पांदणीत शिरेपर्यंत खाली नुसता गारा, चिखलच चिखल झाला होता. अर्ध्या वाटेत मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. उतरून बघितलं तर काळी माती खाचांत गच्च भरून टायर पुन्हा गोट्यासारखे गुळगुळीत! मोटार आसापर्यंत खाली गेली होती. टायर माझे बरोबरच होते, हे मी अजूनही म्हणते. ती मातीच नाठाळ.

हातांनी चिखल उपसला, खाली पळसाच्या फांद्या घातल्या, ढकलून पाहिलं... हलेना. एक चप्पल चिखलानं गिळली ती गिळलीच. बैल आणावेत तर पोळ्याला कुणी जुपणार नाही, आणि जुपले तर मोटार जाणार. भर पावसात मी तिच्या दारावर डोकं टेकून रडले. आता लिहायला लाज कसली? हमसून हमसून रडले. मग चावी कमरेला खोचली, दुसरी चप्पल हातात घेतली आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, वावरातून घराकडे निघाले. दादाला काय सांगायचं ते काही सुचत नव्हतं.

गावात शिरले तेव्हा पाऊस थांबला होता. तोरणाखाली सगळे बैल सजून उभे होते, ढोल वाजत होते, दादा आपली जोडी धरून अगदी पुढे. अख्खा गाव तिथंच. मी मान खाली घालून मागच्या बाजूनं घरी आले.

अंगणात, निंबाखाली, जिथं बैलांना पुरणपोळी चारायची त्या जागी मोटार उभी होती.

चाकांना पार आसापर्यंत चिखल. समोरच्या कुंकवाचा ओघळ खाली आलेला. मी बॉनेटवर हात ठेवला — थंडगार. कमरेला हात लावला — चावी तिथंच. मी खाली ओट्यावर बसले. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, मोटारीकडे बघितलं, माझ्या अवताराकडे बघितलं.

"मायबाई, ताई! तुमी आता आल्या? मोटार तं मघाच आली. मले वाटलं, तुमी तोरण पाहाले गेल्या."

"कोनं आणली?"

"मले काय ठाव? म्या चुलीपाशी होतो. चाकाचा आवाज आयकू आला."

इंजिनाचा नाही. चाकांचा.

दादा जोडी घेऊन आला तेव्हा मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, मस्करी करून राह्यली काय? मी त्याला हाताला धरून पांदणीत नेलं. उजेड होता अजून. खड्डा तसाच होता, पाण्यानं भरलेला. पळसाच्या फांद्या होत्या. चिखलातून वर आलेली माझी चप्पल होती. धुऱ्याकडे गेलेली माझी अनवाणी पावलं होती, आणि त्यांतल्या पहिल्या दोन पावलांवरून जीपच्या टायरची खाचेदार रेघ घराकडे गेली होती. म्हणजे मी निघाल्यावर! बैलाचं खूर नाही, दुसऱ्या माणसाचं पाऊल नाही. दादा वाकून वाकून बघत घरापर्यंत आला.

"बैलं तं सारे तोरणात होते," शेवटी तो हळूच म्हणाला. "म्याच मोजून उभे केले."

"मंग? बैल लावला का कोनं?"

"नाई लावला."

"मंग मोटार इकतं का?"

त्यानं बैलाच्या शिंगाचा लाल गोंडा सोडला आणि मोटारीच्या पुढच्या दिव्याला बांधला. वहिनीनं ताट आणलं होतं, ते त्यानं तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः मोटारीसमोर ठेवलं. बैलांच्या आधी. पुरणात जायफळ नव्हतं, ते माझ्या ओल्या पदरात तसंच राहिलं होतं. पुढं माझ्या नोकरीचं किंवा मोटारीचं नाव त्यानं कधी काढलं नाही.

कुणी म्हणेल, उतार असेल. पांदणीत उतार आहे — पण सडकेकडे. कुणी म्हणेल, गावातल्या पोरांनी ढकलली असेल. मग पावलं कुठं गेली? वहिनी खोटं बोलली म्हणाल तर आधी मला येऊन भेटा. मी वर्षानुवर्षं डोकं खाजवलंय, मला कारण सापडलेलं नाही. म्हणून मी भुताखेतांना शरण जाईन असं मात्र कुणी समजू नये. कारण असणारच. मला माहीत नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी खांदमळणीला वहिनी माहेरी गेली होती. संध्याकाळी दादा बैलांपाशी होता. मी मोटारीजवळ गेले, इकडंतिकडं बघितलं, आणि आवतन दिलं. लोणी लावलं नाही. रबर खराब होतं.