किल्ली डावीकडेच राहिली

इकडे ये, अशी जवळ बस. दाराशी काय पाहुणीसारखी टेकतेस? किती महिन्यांनी उगवलीस — आणि आल्या आल्या घड्याळ बघतेस! राहू दे ते. आज तुला एक सांगायचंय. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांनासुद्धा नाही.

मी विमान चालवायला शिकले होते हे तुला ठाऊकच आहे. तो भिंतीवरचा फोटो बघून सगळेच विचारतात — विमानात बसून हात हलवणारी मी — आणि मीही मोठ्या हौशीने सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चिकपेटेत साड्यांच्या दुकानात बसणारी, दहावी झालेली, दोन मुलांची आई मी. पहाटे स्वेटर घालून, यांच्या स्कूटरवर मागे बसून शहराबाहेरच्या धावपट्टीवर जायची. काय थंडी असायची गं तेव्हा बेंगळूरात! पंखांवर दव, कडेला निलगिरीची झाडं... सगळं सांगते मी. एवढं एक सोडून.

तिथे नंजण्णा होते, इंजिनांचे मेकॅनिक. इंजिन सुरू झालं की मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचे. कुठला प्लग काळा पडलाय ते झाकण न उघडता सांगायचे. इंग्रजी पुस्तकं मला कुठली भरभर वाचता येणार? निम्मं मी त्यांच्याकडूनच शिकले. “अक्का, तबकड्यांवरचे काटे मग बघा. आधी ऐका.”

उडण्याआधी एक तपासणी असते. इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात. किल्ली उजवीकडे फिरवायची, एकटा उजवा नीट चालतोय ना बघायचं, परत किल्ली दोन्हीवर. मग डावीकडे, परत दोन्हीवर. एवढंच. यात चुकायचं काय?

एकटीने उडायला लागून मला आठवडाच झाला होता. त्या दिवशी हे सासूबाईंना घेऊन आले. कुंपणापाशी उभ्या होत्या, कॉफीचा फ्लास्क पोटाशी धरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला “आमची सून” म्हणून सांगत. मी किल्ली डावीकडे केली, काटा बघितला — आणि त्यांनी हात हलवला. मीही हलवला. ज्या हाताने किल्ली परत फिरवायची, त्याच हाताने.

विमान जड उठलं. निलगिरीचे शेंडे रोजच्यापेक्षा फार जवळून गेले. एक फेरी मारून उतरले, थांबले, आणि मग खाली नजर गेली. किल्ली डावीकडेच. एकाच मॅग्नेटोवर, इंजिनाच्या कमी जोरावर उडून आले होते मी.

इंजिन बंद करताना किल्ली ‘बंद’वर न्यावीच लागते. नेली. झालं — खूणच उरली नाही.

शिकवणारे सर धावत आले. ते काही विचारायच्या आतच मी म्हटलं, “सर, इंजिन ओढत नाही.”

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? थोडे दिवस एकटीचं उडणं बंद. कुंपणाशी सासूबाईंचा चेहरा उतरला असता. एवढंच ना?

नंजण्णांनी ते इंजिन तीन दिवस खोललं, जोडलं, चालवलं. दर वेळी डोळे मिटून ऐकलं. “आवाज सरी आहे, अक्का, अगदी बरोबर आहे. वर काय झालं, स्वल्प नीट सांगा बघू.” मी म्हटलं, वर थरथरत होतं. थरथरत नव्हतं गं! तेही मीच रचलं.

मग सर सगळ्यांसमोर म्हणाले, “नंजण्णा, आता इंजिन राहू द्या, कान तपासून घ्या!” सगळे हसले. मीसुद्धा — हो, मीसुद्धा हसले.

त्यानंतर नंजण्णांनी डोळे मिटून ऐकणं सोडलं. काटे बघायचे, पुन्हा पुन्हा बघायचे, दुसऱ्याला बोलावून विचारायचे. महिन्याभरात काम सोडून गेले. म्हणाले, माणसं वर जातात, कानाचा भरवसा नसलेल्याने इथे राहू नये.

वर्षभराने पत्ता काढून पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात गेले. पंप दुरुस्तीच्या एका शेडमध्ये होते. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. मैसूरपाकाचा डबा हातात. मला बघून केवढे खुलले! स्टूल पुसून दिलं. बाजूला एक पंप चालू होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं. “अक्का, तुमचे कान तरुण आहेत. जरा ऐका ना — हा आवाज सरी आहे?”

नंजण्णा मला विचारत होते. मला!

“सरी आहे, अण्णा,” म्हटलं. डबा ठेवला आणि घरी आले.

आता ते नाहीत. त्या दिवशी त्यांचा कान खरा होता, आणि हे एकट्या मलाच ठाऊक होतं.

तो फोटो यांनी त्याच सकाळी काढलेला आहे. बघ, हात वर आहे माझा. किल्ली फोटोत दिसत नाही.

ऊठ आता, तुझी बस जाईल. पुढच्या वेळी आलीस की तो फोटो दिसेलच तुला. तरी ये. लवकर ये.